मामाची अमेरिकन सायकल, जाम सीटपोस्ट आणि एका हाताचा यू-ब्रेक

निखळलेली_चेन | ६ जून, २१:४०

एरंडवण्यातली मामाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. गेल्या रविवारी माळे रिकामे करायला गेलो होतो. पितळी बंब, दोन पाळणे, तीन मोडक्या इस्त्र्या आणि त्यामागे चादरीत गुंडाळलेली एक माउंटन बाइक. मामा अमेरिकेत शिकायला होता, येताना खोक्यात घालून घेऊन आला होता. मामा म्हणाला, "अरे, मला वाटलं हिने कधीच विकली." मामी म्हणाली, "मला वाटलं यांनी कुणाला तरी देऊन टाकली." दोघांच्या या 'मला वाटलं'मध्ये सायकल तीस वर्षं उभी.

खालच्या नळीवर स्पेशलाइज्ड कंपनीचं अर्धवट स्टिकर. अंगठ्याने ढकलायचे गिअर. मागच्या डिरेलरवर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) शिमानो कंपनीचं डिओर एक्सटी हे नाव. पुढे कॅन्टिलिव्हर ब्रेक, पण मागचा ब्रेक भलत्याच ठिकाणी, चेनस्टेच्या (पॅडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) खाली, पॅडलच्या मागे. आणि त्याचा एकच हात शिल्लक आहे, दुसऱ्या बाजूला नुसता खुंट. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, जाम, तसूभर हलत नाही. पुढच्या चाकाच्या चिमट्यावर आणि चेनस्टेवर गंज.

एका दुकानात दाखवली. ते म्हणाले, "मागे व्ही-ब्रेक टाकतो, दांडा कापतो, पावडर कोटिंग करून नवी करकरीत देतो. साडेचार हजार."

करू का? की जशी होती तशीच परत उभी करण्यात काही अर्थ आहे? आणि तो ब्रेक मिळतो का कुठे?

पंक्चर_पुराण | ६ जून, २१:५२

पहिलं काम: त्या दुकानात परत जाऊ नका.
दुसरं काम: फोटो टाका.

टेकडीकर | ६ जून, २२:०५

मी उलट सांगेन. साडेचार हजारांत सायकल चालती होत असेल तर करून टाका. इथे आता दहा जण येऊन तुम्हाला जपानी नटबोल्ट शोधायला लावतील आणि सायकल पुढची तीस वर्षं तुमच्या माळ्यावर राहील.

निखळलेली_चेन | ६ जून, २२:३१

फोटो टाकलेत. डिरेलरच्या मागच्या अंगाला बारीक अक्षरांत 'एमएफ' कोरलंय. तो काय प्रकार?

लेथमास्तर | ६ जून, २३:१०

तो जन्मदाखला आहे. त्या काळातल्या शिमानोच्या मालावर दोन इंग्रजी अक्षरं असायची. पहिलं अक्षर वर्षाचं, 'ए' म्हणजे १९७६ धरून पुढे मोजायचं. दुसरं महिन्याचं, 'ए' म्हणजे जानेवारी. 'एम' म्हणजे १९८८, 'एफ' म्हणजे जून. तुमचा डिरेलर जून १९८८ चा. सायकल त्यानंतर काही महिन्यांत जोडली असणार. क्रँकच्या मागे आणि ब्रेकच्या उरलेल्या हातावरही अक्षरं शोधा. सगळी एकमेकांच्या आसपास निघाली तर सायकलला कुणी हात लावलेला नाही असं समजा.

आता ब्रेक. याला यू-ब्रेक म्हणतात. १९८६ ते ८८ च्या सुमारास चेनस्टेखाली यू-ब्रेक लावायची टूम निघाली होती. ब्रेक ताकदवान, पण चिखलाचं सगळं सारण तिथेच जाऊन बसतं, म्हणून टूम लवकर ओसरली. आता नीट बघा: यू-ब्रेकचे खुंट रिमच्या बाहेरच्या अंगाला, टायरच्या बाजूला असतात. व्ही-ब्रेक आणि कॅन्टिलिव्हरचे खुंट रिमच्या आतल्या अंगाला, चाकाच्या मधल्या हबकडे. म्हणजे तुमच्या फ्रेमवर मागे व्ही-ब्रेक बसूच शकत नाही. त्या दुकानदाराने बसवून दाखवला तर त्याला माझ्यातर्फे मिसळ.

शिवाय व्ही-ब्रेकला लिव्हरने केबल जास्त ओढावी लागते. जुन्या लिव्हर तेवढी ओढत नाहीत. म्हणजे लिव्हरही बदला. असं एकेक बदलत गेलं की शेवटी मामाचं फक्त स्टिकर उरेल.

टेकडीकर | ६ जून, २३:१८

मग मागचा ब्रेक नकोच. पुढचा आहे की.

अनुराधा_क | ६ जून, २३:२०

टेकडीकर, तुम्ही कोणत्या टेकडीवरून उतरता तेवढं सांगून ठेवा. त्या वेळी आम्ही तिथे फिरायला जाणार नाही.

सुंटूर_भक्त | ७ जून, ०७:४५

सगळे एक्सटी एक्सटी करताहेत म्हणून लिहितो. डिरेलरचा तिरका समांतरभुज, ज्यामुळे चेन धरणारं छोटं जॉकी चाक दात्यांच्या अगदी जवळून सरकतं, तो सुंटूर या जपानी कंपनीचा, १९६४ चा. वीस वर्षं पेटंट त्यांच्याकडे होतं. १९८४ मध्ये ते संपलं, शिमानोने लगेच उचललं आणि त्याला टकटक वाजणाऱ्या इंडेक्स गिअरची जोड दिली. पुढे काय झालं ते बाजारात दिसतंच. माझ्याकडे सुंटूर एक्ससी प्रोचे अंगठा-गिअर आहेत. आजही लोण्यासारखे फिरतात.

पंक्चर_पुराण | ७ जून, ०७:५०

झालं सुरू.

बे_एरियाकर | ७ जून, ०९:३०

सुंटूर-शिमानो भांडण चालू द्या, मी माउंटन बाइकचं थोडं मूळपुराण सांगतो. मी राहतो तिथून सॅन फ्रान्सिस्कोजवळची मरीन काउंटी गाडीने तासाभरावर. माउंट टॅमच्या बाजूला फेअरफॅक्सजवळ एक कच्चा उतार आहे, दोन मैलांहून थोडा कमी, आणि तेवढ्यात जवळजवळ १३०० फूट खाली येतो. १९७६ पासून तिथे जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली वगैरे मंडळी जुन्या श्विन सायकली घेऊन शर्यती लावायची. त्या सायकलींना मागे पॅडल उलटं मारून लागणारा कोस्टर ब्रेक. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर वेळी हब खोलून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून उताराचं नावच रीपॅक पडलं. १९७७ मध्ये ब्रीझने अशा उतारांसाठीच स्वतः फ्रेम बनवली. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिचीने बनवलेल्या फ्रेमच्या सायकली विकायला सुरुवात केली. स्पेशलाइज्डची स्टंपजंपर १९८१ ची, तीही जपानमध्ये बनवून घेतलेली. म्हणजे तुमच्या मामांनी आणली तेव्हा ही जात दहा-बारा वर्षांची पोर होती.

फेअरफॅक्समध्ये आता सायकलींचं म्युझियम आहे. गेलो होतो तेव्हा एका जुन्या सायकलसमोर इतका वेळ उभा राहिलो की बायको गाडीत जाऊन झोपली.

अनुराधा_क | ७ जून, १०:०२

म्युझियम आपल्याकडेही आहे हो, कर्वेनगरला, विक्रम पेंडसे यांचं. माउंटन बाइक बघायला नाही, पण जुन्या सायकली नीट करून ठेवल्या की कशा दिसतात ते बघायला नक्की जा.

आणि ही जात पुण्यात आली तेव्हाचं माझं दुःख. नव्वदच्या दशकात आमच्या वाड्यातल्या प्रत्येक मुलाला हिरो रेंजर हवी होती. जाड टायर, सरळ हँडल. गिअर नसले तरी ऐट पुरी माउंटन बाइकची. मला पण तीच हवी होती. आली लेडीबर्ड, जाळीची बास्केट लावलेली. दोन वर्षांनी धाकट्या भावाला रेंजर. भाऊबीजेला अजून ऐकवते.

टेकडीकर | ७ जून, १०:१५

लेडीबर्डच्या बास्केटमधून नळस्टॉपवरून भाजी आणणाऱ्या एका बहिणीचा भाऊ मीही आहे. क्षमस्व.

निखळलेली_चेन | ८ जून, २१:१५

सगळ्यांचे आभार, पण माझा सीटपोस्ट अजून जाम आहे. शेजारच्या काकांनी गॅसची बत्ती लावून गरम करायला सांगितलंय.

लेथमास्तर | ८ जून, २२:००

थांबा! दांडा अॅल्युमिनियमचा, फ्रेम स्टीलची. तापवल्यावर अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे आतला दांडा बाहेरच्या नळीपेक्षा जास्त फुगणार आणि आणखी घट्ट बसणार. कधी कधी गरम-थंड करून गंजाची पकड मोडते, नाही असं नाही, पण रंग जळतोच. त्यापेक्षा दांडा थंड करा, तोच जास्त आकसेल.

क्रम असा ठेवा. सायकल उलटी करा. बीबी (दोन पॅडलांच्या मधला बेअरिंगचा आस) काढा आणि खालून सीटच्या नळीत झिरपणारं तेल सोडा. उलटी असल्यामुळे ते जामाच्या मागच्या बाजूने शिरतं. आठवडाभर रोज थोडं थोडं. मग सीट काढून दांड्याचं डोकं बाकावरच्या पक्क्या व्हाइसमध्ये धरा आणि दांडा न फिरवता फ्रेम फिरवा. फ्रेम हीच तुमची लांब पान्ह्याची दांडी. एक माणूस पुढे हेडट्यूबला, एक मागे. झटका नाही, दाब वाढवत न्यायचा. पहिल्यांदा 'कट्' असा आवाज येतो, तो ऐकून घाबरू नका.

काही जण कॉस्टिक सोडा ओततात. तो अॅल्युमिनियम खातो खरा, पण त्यातून हायड्रोजन निघतो, एक शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो, आणि दांडा तर गेलाच. अगदी शेवटचा उपाय.

गुळपापडी | ८ जून, २२:२५

बीबी काढताना एक लक्षात ठेवा, हे मी रक्त देऊन शिकलेय. जपानी-अमेरिकन फ्रेमचा चेनकडचा कप उलट आट्यांचा असतो. सुटायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. माझी सायकल एका मेकॅनिककडे दिली होती. त्याने नेहमीसारखा डावीकडे जोर लावला, नाही सुटला म्हणून पान्ह्याला पाइप लावून आणखी लावला, आणि कप आट्यांसकट बसला. वर मला म्हणाला, "मॅडम, फ्रेमच गंजलेली होती."

पंक्चर_पुराण | ८ जून, २२:२७

पुण्यात चूक कधी माणसाची नसते, वस्तूची असते.

गुळपापडी | ८ जून, २२:४०

गंजाबद्दलही लिहिते. फ्रेम रंगवणार नसाल तर पॉलिश पेपरने घासू नका, उरलेलं स्टिकर जाईल. मी चिमटा मळीच्या पाण्यात बुडवला होता. साखर कारखान्याची मळी, एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी. पंधरा दिवसांनी काढून पाइपच्या धारेखाली धुतला तर गंज हाताने निघून आला. मात्र त्यात अॅल्युमिनियमचं काही टाकायचं नाही, ते खराब होतं. आणि पिंप गच्चीच्या अगदी टोकाला ठेवा, वास विचारू नका.

सुंटूर_भक्त | ८ जून, २२:५१

मळी नसेल तर काकवी चालेल का? घरात कोल्हापूरची आहे.

गुळपापडी | ८ जून, २२:५५

काकवी पोळीशी खा. चिमट्याला मळी पुरते.

लेथमास्तर | ८ जून, २३:०५

घाई असेल तर ऑक्झॅलिक अॅसिड, पाण्यात थोडंच विरघळवून. एका रात्रीत काम होतं. पण ते विषारी आहे. हातमोजे घाला, स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा.

मंगळवारपेठी | ९ जून, १३:२०

ब्रेकच्या शोधाबद्दल. मी दर रविवारी जुन्या बाजारात जातो, कधी बुधवारी पण. तिथे सायकलचा माल मांडलेला दिसत नाही, तो इतर मालात पुरलेला असतो. मागच्या वर्षीचं सांगतो. एका ताडपत्रीवर मिक्सरची भांडी, नळाच्या तोट्या, चार्जरच्या वायरींचा गुंता. त्या गुंत्याखालून एक काळपट धातूची वस्तू डोकावत होती आणि तिच्यावर बोटाच्या पेराएवढं हरणाचं डोकं, शिंगांसकट. १९८२ सालच्या पहिल्या डिओर एक्सटीच्या डिरेलरवर ते हरीण असतं. जगभर लोक त्याच्यामागे वेडे आहेत.

माझ्या कानात घंटा वाजल्या. पण मी आधी नळाची तोटी उचलली. तोटीचा भाव केला, महाग म्हणून ठेवली. मग चार्जर बघितला. मग सहज म्हणून, "आणि हे लोखंड काय आहे?" "मशीनचा पार्ट आहे साहेब, तीनशे." मी शंभर म्हणालो, दीडशेला घेतला. वर तोटीही घ्यावी लागली. घरी चाळीस तोट्या झाल्यात.

हरीण आता शोकेसमध्ये आहे. जॉकी चाकं झिजलेली, पण स्प्रिंग अजून कडक. यू-ब्रेक मात्र आठ वर्षांत एकदाच दिसला, तोही वाकलेला. त्यामुळे तिथे भरवसा नको.

पंक्चर_पुराण | ९ जून, १३:३१

म्हणजे तुमच्याकडे पाणी जपून वापरायचं कारणच नाही.

निखळलेली_चेन | ९ जून, २१:००

परदेशातून मागवू का? एका संकेतस्थळावर जोडी दिसतेय, पण पाठवण्याचा खर्चच ब्रेकच्या दुप्पट.

बारस्पिन | ९ जून, २३:५५

काका-काकू लोकहो, सगळा धागा वाचला. यू-ब्रेक मेला कुठे? बीएमएक्सवर, म्हणजे कसरतीच्या छोट्या सायकलींवर, आजही तोच असतो. फ्रीस्टाइल बीएमएक्सच्या मागच्या ब्रेकला ९९० म्हणतात, खुंटांची जागा तीच जी १९८८ च्या या फ्रेमवर आहे. दोन्ही हात, स्प्रिंगा, सगळं नवं मिळतं. माझ्या मित्राकडे एक पडूनही आहे, त्याने ब्रेक काढून टाकलेत. बीएमएक्सवाले ब्रेक काढतातच. वरच्या टेकडीकर काकांसारखे.

लेथमास्तर | १० जून, ०६:४०

हे मला सुचायला हवं होतं. नमस्कार घ्या.

जुन्या कॅन्टिलिव्हर लिव्हरही याला चालतात, ओढ तेवढीच लागते. फक्त फ्रेमवर केबलचा थांबा शाबूत आहे ना ते बघा.

सुंटूर_भक्त | १० जून, ०८:१०

एक्सटीच्या सायकलला बीएमएक्सचा ब्रेक? पैठणीला जीन्सचं ठिगळ. १९८८ ची सायकल १९८८ च्याच मालाने उभी राहायला हवी. सापडेपर्यंत थांबा. मी माझ्या पुढच्या चेनरिंगसाठी सहा वर्षं थांबलो.

बारस्पिन | १० जून, ०८:१२

आणि सहा वर्षं सायकल कोणी चालवली?

सुंटूर_भक्त | १० जून, ०८:३०

प्रश्न तो नाही.

अनुराधा_क | १० जून, ०८:४४

प्रश्न तोच आहे की. पहिल्या पोस्टमध्ये त्यांनी हेच विचारलंय.

मंगळवारपेठी | १० जून, ०९:०५

माझं मत मधलं. जे कापून, घासून, वितळवून कायमचं जातं ते करू नका. पावडर कोटिंग त्यातलंच. आधी ब्लास्टिंग करतात, स्टिकर गेलं ते गेलं, आणि झाकायला विसरले तर बीबीच्या आट्यांत पावडर. पण जे दोन बोल्टांनी बसतं आणि दोन बोल्टांनी निघतं ते खुशाल लावा. जुना हात पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. सुंटूर_भक्त, तुमच्या जपानी सायकलवर टायर कुठले आहेत हो?

सुंटूर_भक्त | १० जून, ०९:२०

टायर लुधियानाचे. पण टायर वेगळे.

टेकडीकर | १० जून, ०९:२१

:ड

निखळलेली_चेन | २९ जून, १९:३०

खबर देतो. बारस्पिन यांच्या मित्राकडून ब्रेक आणला. कर्वे रोडवर चहा पाजला आणि माझ्या पोराची जुनी हेल्मेट दिली, एवढ्यात सौदा. खुंटांवर चपखल बसला.

सीटपोस्टला नऊ दिवस तेल पाजलं. मग भोसरीतल्या एका मित्राच्या शेडमध्ये व्हाइसला धरून आम्ही दोघे फ्रेमला लटकलो. काही नाही. दांड्यावर बर्फाची पिशवी बांधून अर्धा तास चहा घेतला, परत लटकलो. लेथमास्तरांचा 'कट्' आला. खरं सांगतो, मला वाटलं फ्रेमच तुटली. बाहेर आलेल्या दांड्यावर पांढऱ्या पावडरीचा थर, भिजलेल्या खडूसारखा. खाली २६.८ कोरलेलं आहे. ग्रीस लावून तोच परत घातला.

टायरची गंमत. एका दुकानात '२६' म्हटल्यावर त्यांनी २६ गुणिले १ ३/८ काढून दिला. घरी येऊन अर्धा तास झटापट केली.

लेथमास्तर | २९ जून, २०:०२

तो ५९० मिमीचा. तुमची रिम ५५९ ची. २६ म्हणजे काय ते फक्त टायरच्या कडेला लिहिलेल्या मिमीवरून कळतं, बाकी सगळा बोलण्याचा भाग. बरं, मागचं चाक खोललंत का? १९८८ चं म्हणजे युनिग्लाइड, शिमानोची चकत्या बसवायची जुनी पद्धत, असणार. त्यात सर्वांत छोटी दातेरी चकती आट्यांवर बसते आणि तीच बाकीच्यांना धरून ठेवते. बाकीच्या झिजल्या तर नव्या हायपरग्लाइड चकत्यांचा एक रुंद दात कानशीने बारीक करून बसवता येतात. ती छोटी मात्र जपा, ती मिळत नाही.

निखळलेली_चेन | ३० जून, २२:१५

छोटी शाबूत आहे. चेन मात्र नवी घातली.

आज मामाला घरी बोलावून दिली. पायजमा मोज्यात खोचून कॉलनीत दोन चकरा मारल्या. खाली उतरून म्हणाला, "मागचा ब्रेक असा नव्हता." म्हटलं, बीएमएक्सचा आहे. "चांगला लागतो, आधीचा कधीच लागला नाही. म्हणून तर मी एक हात काढून फेकला होता."

पंक्चर_पुराण | ३० जून, २२:१८

अरे देवा. फेकला होता!

सुंटूर_भक्त | ३० जून, २२:३०

कुठे फेकला, आठवतंय का त्यांना?

निखळलेली_चेन | ३० जून, २२:४१

नदीत म्हणतो. म्हात्रे पुलावरून.

पुढचा ब्रेक मात्र किंचाळतो, त्याचं काय करू? कॉलनीतली कुत्री मागे लागतात.

गुळपापडी | ३० जून, २२:५०

ब्रेक पॅडचं पुढचं टोक रिमला आधी लागेल असं किंचित तिरकं बसवा. मागच्या टोकाखाली पत्त्याएवढा जाड पुठ्ठा धरून बोल्ट आवळायचा, मग पुठ्ठा काढून घ्यायचा.

रोहिणी_भांडीवाली | १ जुलै, ११:०५

सायकलमधलं काही कळत नाही, पण धागा पहिल्यापासून वाचला. पहिल्या पोस्टमधला तो पितळी बंब देणार आहात का?

निखळलेली_चेन | १ जुलै, ११:४०

मामीला विचारून सांगतो. मामाला वाटतंय तो विकला.